आशेचा परफ्यूम : ‘लेर द्यू ताँ’ची घडण

दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे झाली असताना, १९४८ साली, पॅरिसमधील नीना रिची या फॅशन हाउसने ‘लेर द्यू ताँ’ हा परफ्यूम बाजारात आणला. त्या त्या काळात वातावरणात भरून राहिलेली भावना असा या फ्रेंच नावाचा आशय असून, युद्धाने होरपळलेल्या समाजाला पुन्हा वाटू लागलेली शांततेची आणि आशेची ओढ त्यातून सुचवलेली होती. परफ्यूमला भावनेचे नाव देण्याची प्रथा त्याआधीही होती आणि पुढे तर ती सरसकट झाली. परंतु आशेसारख्या अमूर्त कल्पनेला गंधरूप कसे द्यायचे हा प्रश्न ज्या थोड्या निर्मितींनी मनापासून हाताळला, त्यांत या परफ्यूमचे स्थान फार वरचे आहे. गुलाबाचा गंध गुलाबात असतो आणि चंदनाचा चंदनात, आशेचा मात्र कोणत्याच फुलात, मुळात किंवा डिंकात सापडत नाही. तो घडवावा लागतो, आणि या एका परफ्यूमपुरता तो कसा घडला हे समजून घ्यायचे तर आधी त्या वेळच्या पॅरिसकडे पाहावे लागते.

२५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस जर्मन ताब्यातून मुक्त झाले, पण सुटकेचा आनंद ओसरल्यावर उरली ती टंचाई. कोळसा नव्हता, कापड नव्हते, चामडे नव्हते, आणि शिधापत्रिकांवर अन्न मिळण्याचे दिवस १९४९ पर्यंत संपले नाहीत. शहराची ओळख ज्या व्यवसायांवर उभी होती ते शिवणकाम, भरतकाम, टोप्या, दागिने आणि सुगंधी द्रव्ये हे सगळे व्यवसाय अडचणीत होते. नीना रिची ही मूळची इटलीतील तोरिनो शहरात १८८३ साली जन्मलेली कुशल शिवणकारीण. तिने वयाच्या पन्नाशीला टेकताना, १९३२ साली, मुलगा रोबेर याच्या सोबतीने स्वतःचे फॅशन हाउस सुरू केले होते. रोबेर रिचीला कापडापेक्षा सुगंधात अधिक रस होता, आणि जर्मन अंमल चालू असतानाच १९४१ साली त्याने परफ्यूमचा स्वतंत्र विभाग उघडला होता.

याच रोबेर रिचीच्या पुढाकाराने उभे राहिलेले एक प्रदर्शन ‘लेर द्यू ताँ’ची पूर्वपीठिका म्हणून महत्त्वाचे आहे. युद्धग्रस्तांसाठी निधी जमवावा आणि पॅरिसच्या कारागिरांचे हात अजून चालतात हे जगाला दाखवावे, या दुहेरी हेतूने ‘तेआत्र द ला मोद’ या नावाचे प्रदर्शन मार्च १९४५ मध्ये लूव्र राजवाड्यातील सजावटी कलांच्या संग्रहालयात भरवण्यात आले, आणि तेव्हा युरोपातले युद्ध अजून संपलेलेही नव्हते. माणसांच्या मापाचे कपडे शिवण्याइतके कापड कोणाकडेच नसल्यामुळे तारांच्या सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या दोनशेहून अधिक बाहुल्या तयार करण्यात आल्या. त्यांचे सांगाडे एलियान बोनाबेल या चित्रकर्तीच्या आराखड्यावरून वाकवले गेले आणि प्लास्टरची डोकी जुआँ रेबुल या कॅटलन शिल्पकाराने केली. पॅरिसच्या नामवंत शिवणकारांनी या बाहुल्यांसाठी खरी बटणघरे असलेले कोट, खरे अस्तर लावलेले झगे आणि बोटाएवढे बूट तयार केले, आणि मागचे देखावे क्रिस्तियाँ बेरार व जाँ कोक्तो यांच्यासारख्या कलावंतांनी रंगवले. सुमारे १ लाख लोकांनी ते पाहिले. पोटभर पाव मिळत नसताना बाहुलीच्या कोटाला आतून अस्तर लावणारी माणसे नेमके काय करत होती, याचे उत्तर अर्थशास्त्रात शोधून सापडत नाही. आपला हुन्नर उद्याही लागणार आहे हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि आशेची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

संकटाच्या काळात परफ्यूममधून मनाला उभारी देण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर लगेचच, १९३० साली, जाँ पातू याच्या पेढीने आँरी अल्मेरास या सुगंधकाराकडून ‘जॉय’ तयार करून घेतला, आणि त्याच्या एका औंसाला १०,६०० जाईची फुले व २८ डझन गुलाब लागतात असा पेढीचा दावा होता. तो आनंद श्रीमंतीचा होता. १९४७ साली आलेल्या ‘मिस दिओर’ची पार्श्वभूमी अधिक गंभीर आहे, कारण फॅशनकार क्रिस्तियाँ दिओरची बहीण कातरीन ही जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत काम करताना पकडली गेली होती, राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीतून जिवंत परतली होती, आणि हे नाव तिच्यावरून आले. तरीही ‘मिस दिओर’चा गंध ओक वृक्षावरच्या दगडफुलाचा, हिरव्या कडवट गॅल्बेनमचा, काहीसा करारी आहे. ‘लेर द्यू ताँ’ने निवडलेली वाट निराळी होती.

ती निवडणारा सुगंधकार फ्रान्सिस फाब्रों. पुढे १९५७ साली जिव्हाँशी या फॅशन हाउससाठी त्याने केलेला ‘लँतेर्दी’ हा परफ्यूमही गाजला. मात्र त्याचे सर्वांत टिकाऊ काम हेच. त्याची रचना समजण्यासाठी परफ्यूम म्हणजे काय हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक अत्तरात सुगंधी द्रव्य चंदनतेलासारख्या तेलात मुरवलेले असते, तर आधुनिक परफ्यूममध्ये ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते, आणि त्वचेवर पडताच अल्कोहोल उडून जाऊन मागे राहिलेले रेणू आपापल्या गतीने हवेत मिसळू लागतात. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय फळांच्या सालीतले हलके रेणू पहिल्या काही मिनिटांतच निघून जातात, फुलांचे व मसाल्यांचे रेणू तासन्‌तास दरवळतात, आणि लाकूड, डिंक व कस्तुरीसारखे जड रेणू दुसऱ्या दिवशीही कपड्याला चिकटून असतात. सुगंधकार यांना वरचा, मधला आणि तळचा थर मानतात. बहुतेक परफ्यूममध्ये हे थर एकामागून एक जाणवतात. ‘लेर द्यू ताँ’मध्ये मात्र ते एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की पहिल्या क्षणी आलेला गंध आणि सहा तासांनी उरलेला गंध यांत तुटकपणा वाटत नाही. हे साधण्यासाठी फाब्रोंने जी द्रव्ये वापरली त्यांपैकी दोन विशेष लक्ष देण्याजोगी आहेत.

पहिले द्रव्य कार्नेशनच्या गंधाशी निगडित आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधून पुष्पगुच्छांसाठी शहरांत येणारी कार्नेशनची फुले महाराष्ट्रात परिचित आहेत; पण ती फुलदाणीत जास्त दिवस टिकावीत अशा बेताने जोपासलेल्या जातींची असल्याने त्यांना जवळजवळ वास नसतो. जुन्या बागांतल्या कार्नेशनला मात्र लवंगेसारखा उबदार, किंचित तिखट गंध असतो. या फुलांतून अर्क फारच थोडा निघत असल्यामुळे सुगंधकार तो गंध इतर द्रव्यांतून उभा करतात, आणि त्याचा पाया असतो लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा रेणू. तुळशीच्या पानातही तो असतो. युजेनॉलच्या साखळीतला एक दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधली दुहेरी जोडणी, एक घर सरकला की आयसोयुजेनॉल हा त्याचा भाऊबंद तयार होतो. अणू तेच, संख्या तीच, तरीही लवंगेचा तिखटपणा मवाळ होऊन तिथे फुलाचा भास होऊ लागतो. फाब्रोंने या दोन्ही रेणूंभोवती गुलाब, जाई, इलांग-इलांग आणि गार्डेनिया यांचे गंध रचले, त्यामुळे मसाल्याची ऊब राहिली आणि तिची धार बोथट झाली.

दुसरे द्रव्य म्हणजे बेन्झिल सॅलिसिलेट, आणि ते फाब्रोंने अतिशय सढळ हाताने वापरले. या रेणूचे वैशिष्ट्य असे की अनेकांना त्याचा स्वतंत्र वास जवळजवळ येतच नाही. ज्यांना येतो ते तो फिकट, गोडसर, किंचित राळेसारखा असल्याचे सांगतात. मग न जाणवणारे द्रव्य एवढ्या प्रमाणात कशासाठी घालायचे? बेन्झिल सॅलिसिलेट फार हळू उडते, त्यामुळे सोबतच्या फुलांच्या रेणूंचा उडण्याचा वेगही ते आवरून धरते, त्यांच्या कडा एकमेकांत विरघळवते आणि सगळ्या मिश्रणाला एक पसरट, तेजाळ भरीवपणा देते. भाजीत मीठ आहे हे कळू नये पण नसले तर चटकन कळावे, तसे त्याचे काम असते. या रेणूचा आणखी एक गुण फ्रेंच समाजाच्या आठवणींशी जोडलेला आहे. तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतो, म्हणून १९३६ साली बाजारात आलेल्या ‘आंब्र सोलेर’ या उन्हापासून संरक्षण देणाऱ्या तेलात त्याचा वापर झाला होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने फ्रान्समधील कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला, आणि कारखान्यांतली माणसे आयुष्यात पहिल्यांदाच कुटुंबासह समुद्रकिनाऱ्यावर पोहोचली. बेन्झिल सॅलिसिलेट हुंगणाऱ्या प्रत्येक फ्रेंच स्त्रीला १९४८ साली ते किनारे आठवले असतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी युद्धाआधीच्या शेवटच्या निवांत उन्हाळ्यांत जो रेणू लोकांच्या अंगाला लागला होता, तोच आशेच्या परफ्यूमचा कणा व्हावा, ही घटना दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

उरलेल्या द्रव्यांत आयरिसच्या कंदाची पावडरीसारखी कोमलता देणारे मिथिल आयोनोन, चंदन आणि वाळ्याच्या तेलापासून केलेले व्हेटिव्हेरिल ॲसिटेट हे मुख्य. उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडणाऱ्या मराठी घरांना त्या मुळीचा मातकट गारवा ठाऊक आहे. ॲसिटेटच्या रूपात त्याचा मातकटपणा बराच धुतला जातो आणि स्वच्छ लाकडाचा वास मागे राहतो. तळाशी कृत्रिम कस्तुरी होती, आणि तिचा इतिहास या परफ्यूमच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो. आल्बेर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १८८८ साली टीएनटी या जातीच्या स्फोटकांवर काम करत असताना त्याला कस्तुरीचा वास असलेले एक संयुग गवसले, आणि त्यातून नायट्रो मस्क या सुगंधी द्रव्यांचा वर्ग जन्माला आला. शांततेच्या परफ्यूममध्ये तळाला रेंगाळणारा गंध अशा रीतीने दारूगोळ्याच्या प्रयोगशाळेतून आलेला होता.

या सगळ्याचा एकत्र परिणाम असा की ‘लेर द्यू ताँ’ हुंगल्यावर हे अमुक फूल असे बोट ठेवून सांगता येत नाही. कोणताही एक गंध पुढे येत नाही, कोणताही दुखावत नाही. काही समीक्षक या गुणाला सौम्यपणाचा अतिरेक मानतात. पण आशेला गंध द्यायचा असेल तर तो असाच द्यावा लागेल असे मानायला जागा आहे. भीतीला, भुकेला, अगदी सुखालाही ठरावीक विषय असतो, आशेला तसा तो पुष्कळदा नसतो. ज्या परफ्यूममध्ये नाव घेण्याजोगे फूलच नाही त्यात प्रत्येकाला आपला अर्थ घालता येतो, आणि ही मोकळी जागा राखणे हेच फाब्रोंचे मोठे कौशल्य होते.

अर्थाची दिशा मात्र बाटलीने दाखवली. आज सर्वांना ठाऊक असलेली, झाकणावर पंखात पंख गुंफलेली दोन कबुतरे असणारी बाटली १९५१ साली मार्क लालिक याने घडवली. मार्कचे वडील रने लालिक हे काचकामातले फार मोठे नाव; आल्सास प्रांतातील विंजां-स्युर-मोदेर या गावी त्यांनी १९२१ मध्ये उभारलेला कारखाना युद्धकाळात जर्मनांच्या ताब्यात गेला होता, आणि तो पुन्हा सुरू झालेला पाहण्याआधीच मे १९४५ मध्ये रने वारले. मार्कने कारखाना नव्याने उभा केला आणि साध्या काचेऐवजी शिसे मिसळलेले, अधिक चमकदार स्फटिक वापरायला सुरुवात केली. कबुतरांना त्याने दुधी, धूसर केले आणि बाटलीला वळणदार रेषा दिल्या, त्यामुळे पक्षी जणू द्रवातूनच वर उठल्यासारखे दिसतात. ऑलिव्हची डहाळी घेऊन परतणारे कबूतर बायबलमधल्या महापुराच्या कथेत आहे, आणि १९४९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर पिकासोचे कबूतर झळकले होते. त्यामुळे या पक्ष्याचा संकेत त्या पिढीला समजावून सांगावा लागत नव्हता.

बाटली आणि नाव यांच्याविना आशेचा हा गंध ओळखू आला असता का, याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे आणि त्यामागे मेंदूची घडण आहे. नाकातील गंधग्राही पेशींकडून निघालेला संदेश गंधकंदात, म्हणजे कपाळामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या केंद्रात पोहोचतो. तिथून तो भावनांशी संबंधित अमिग्डाला या भागाकडे आणि स्मृतींशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या परिसराकडे जातो. दृष्टी व श्रवण यांचे संदेश आधी थॅलॅमस या मधल्या टप्प्यावर थांबतात, गंधाला मात्र तो थांबा घ्यावा लागत नाही. गंधाने भावना एवढ्या चटकन चाळवते ती यामुळे. परंतु कोणत्या गंधाने कोणती भावना चाळवावी हे बहुतांशी अनुभव ठरवतो. बेन्झिल सॅलिसिलेटचा सख्खा भाऊ असलेल्या मिथिल सॅलिसिलेटचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. भारतात दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमांतून ओळखीचा झालेला हा वास १९६० च्या दशकातील ब्रिटिश पाहणीत अत्यंत अप्रिय ठरला, तर १९७० च्या दशकातील अमेरिकी पाहणीत तोच सर्वाधिक आवडता निघाला. रेचल हर्झ या मानसशास्त्रज्ञेने दिलेले स्पष्टीकरण असे की ब्रिटनमधल्या त्या पिढीने तो युद्धकाळात औषधांमध्ये हुंगला होता, आणि अमेरिकेत तो गोळ्या-चॉकलेटांचा वास होता.

युजेनॉलचीही कहाणी अशीच आहे. दंतवैद्य दात भरताना वापरतात त्या एका सिमेंटमध्ये युजेनॉल असते, आणि फ्रान्समधील संशोधकांनी १९९८ साली केलेल्या एका अभ्यासात ज्यांना दंतवैद्याची भीती वाटत नव्हती त्यांना हा वास सुखद, तर भीती वाटणाऱ्यांना तो अप्रिय वाटल्याचे दिसले. दोन्ही गटांच्या शरीराच्या आपसूक होणाऱ्या प्रतिक्रियाही तशाच वेगळ्या होत्या. हे शिकणे जन्माआधीच सुरू होते. बेनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की गरोदरपणात बडीशेपेच्या चवीचे पदार्थ खाल्लेल्या स्त्रियांची नवजात बाळे त्या वासाकडे वळतात, आणि इतर बाळे वळत नाहीत. तेव्हा १९४८ च्या बाटलीत आशा रेणूंच्या रूपाने भरलेली नव्हती. युद्धानंतर माहेरी परतलेल्या मुलीला आईने दिलेली भेट, पहिल्या पगारातून घेतलेली लहान बाटली, लग्नाच्या दिवशी मनगटावर लावलेला थेंब, अशा वापरातून ती त्या गंधाला चिकटली. म्हणून ती खोटी ठरत नाही, कारण गंधांचे अर्थ असेच तयार होतात.

तो मूळ गंध आज तंतोतंत मिळत नाही. आयसोयुजेनॉलमुळे काही लोकांच्या त्वचेला तीव्र ॲलर्जी होते, म्हणून सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या; नायट्रो मस्कपैकी काहींवर बंदी आली आणि काहींचे प्रमाण घटवले गेले. युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि बेन्झिल सॅलिसिलेट ही तिन्ही नावे युरोपीय कायद्यानुसार वेष्टनावर छापावी लागणाऱ्या ॲलर्जीकारक द्रव्यांच्या यादीत आहेत. हे निर्बंध आवश्यक आहेत. मात्र त्यामुळे ज्या दोन-तीन रेणूंवर फाब्रोंची रचना तोललेली होती तिलाच धक्का बसला. जुने परफ्यूम मूळ सूत्राप्रमाणे जतन करण्यासाठी जाँ केर्लेओ या सुगंधकाराच्या पुढाकाराने १९९० साली व्हर्साय येथे ‘ओस्मोतेक’ हा गंधसंग्रह स्थापन झाला. तिथे नमुने अंधारात, १२ अंश सेल्सियसला, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात, कारण प्रकाश, उष्णता आणि प्राणवायू हे तिन्ही सुगंधाचे शत्रू आहेत.

आशा आणि गंध यांचा संबंध अलीकडे एका वेगळ्याच ठिकाणी पुन्हा जुळलेला दिसतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ साली वास येणे बंद झालेल्या रुग्णांसाठी एक साधी उपचारपद्धती मांडली, आणि २०२० नंतर कोविडमुळे गंधज्ञान गमावलेल्या असंख्य लोकांपर्यंत ती पोहोचली. रुग्णाने गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, किमान १२ आठवडे लक्षपूर्वक हुंगायचे एवढीच ती पद्धत. लवंगेसाठी युजेनॉल वापरतात आणि गुलाबासाठी फिनाइल इथाइल अल्कोहोल. हुमेल यांच्या अभ्यासात हा सराव करणाऱ्या गटाची गंध ओळखण्याची क्षमता सुधारली, सराव न करणाऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. प्रगती संथ असते आणि ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे रुग्णाला हुंगून काहीच कळत नाही. त्यानंतर पुष्कळदा कॉफीला जळक्या रबराचा किंवा कांद्याला कुजकट वास येऊ लागतो. या विकृत गंधाने रुग्ण खचतात, जेवण टाकतात. पण विषाणूसंसर्गानंतर गंध गेलेल्या रुग्णांत कान-नाक-घसा तज्ज्ञ त्याला बहुधा चांगले लक्षण समजतात, कारण नाकातल्या नव्या चेतापेशी मेंदूशी पुन्हा जोडल्या जाऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या जोडण्या अजून चुकत आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.